पदराआडची सलाईन

आमच्या सिस्टरांइतकं सोयीस्कर बहिरेपण मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात त्या मोठ्या नर्स आणि मी केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोनपेठकडच्या बौद्ध घरातल्या सिस्टर झाडूवाल्यालाही अहो-जाहो करत. पण त्यांना कुणी 'अगं' किंवा 'ए बाई' म्हटलं, की त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नसे. पोखर्णीचे एक बडे शेतकरी खाटेवरून 'ए पोरी' म्हणून ओरडले, तेव्हा सिस्टरांनी शांतपणे त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. आमचे कंपाउंडर झरीचे, घरची जमीन भरपूर. 'सिस्टर' म्हणायला त्यांची जीभ वळेना आणि 'अगं' म्हणायची हिंमत होईना. दोघं हातभर अंतरावर उभे असले तरी बोलणं माझ्यामार्फत चाले. "त्यांना सांगा, मलम संपलं." मी सांगायचो, आणि उत्तर घेऊन परत यायचो.

एका दुपारी डॉक्टर सोनपेठला गेले असताना कंपाउंडरांची सूनच बाळंत झाली. बाळ ठणठणीत होतं, पण तिचं रक्त थांबेना. सिस्टर दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून उभ्या होत्या. हात उचलायची सोय नव्हती. मी दारात पाठ करून उभा.

"त्यांना सांगा, सलाईन लावायचीय."

मी सांगितलं. कंपाउंडर घामाघूम. "त्यांना सांगा, सुनेसमोर सासऱ्यानं कसं जावं?"

मी वळून तोंड उघडलं तोवर सिस्टर कडाडल्या, "सासरे म्हणून भाईर उभे ऱ्हाऊ नका, कंपाउंडर म्हणून आत या! लेकी, तोंडावर पदर घे. आन् तुमी निस्ता हात बगा!"

पोरीनं पदर ओढला. कंपाउंडर आत गेले. बऱ्याच वेळानं सिस्टरांचा आवाज आला, "लागली. आता रक्त जायचं बी कमी व्हायलंय." कंपाउंडर बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

काही दिवसांनी ते स्वतः सिस्टरांपुढे उभे राहिले. "सिस्टर, बारशाला यावं लागतंय. तुमच्यामुळं लय मोठं संकट टळलं."

"येते की. पंगतीत मी कुठं बसायचं?"

कंपाउंडरांनी मान खाली घातली. भला माणूस होता, खोटं बोलला नाही. सिस्टर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी माझी ड्युटी हाय."

बारशाला मी गेलो. पंगतीत बसलो, पण बुंदी पानात तशीच ठेवून उठलो. सिस्टरांचा राग येत होता, कंपाउंडरांचाही, आणि दोघांवर माया तर होतीच. दुसऱ्या दिवशी सिस्टर खिडकीशी आल्या. जेवणाचं, माणसांचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"बाळ दूध नीट पितंय नव्हं?" एवढंच म्हणाल्या.