दागिन्याच्या पाठीवरचा बदाम

माझी वहिनी कल्तूम इतकी सरळ आहे की तिच्यासोबत बाजारात जायचं म्हणजे माझा जीव अर्धा होतो. गिऱ्हाइकाला दागिना आवडतो, ते पैसे काढायला खिशात हात घालतं, तेवढ्यात ही म्हणणार, "थांबा, या कोपऱ्यातला मीना मला मनासारखा उतरला नाही. बघून घ्या." अगं बाई, घालणाऱ्याला दिसत नाही, बघणाऱ्याला दिसत नाही, मग तुलाच कशाला दिसतो? पण नाही. गिऱ्हाईक दोनदा विचार करतं, ही समाधानानं चहा ओतते आणि मी दात-ओठ खात बसते.

हे वळण तिच्या बापाचं. बीहीबाबा आमच्या तिझनीत गावच्या चांदीवाल्यांच्या गल्लीत जन्मभर ऐरणीवर वाकून बसले. त्या गल्लीची एक रीत आहे. दुसऱ्याचा नमुना बघून दागिना घडवला तर त्यात कुणाला लाज वाटत नाही. उलट ज्याचा नमुना कुणी उचलत नाही त्याच्या कामात दम नाही असं समजतात. फक्त दागिन्याच्या पाठीवर आपल्या ठशाशेजारी त्याचाही ठसा ठोकायचा. म्हणजे नमुना त्याचा, हात माझा. ठसा न ठोकता नमुना उचलला तर तो चोर, आणि चोराच्या दुकानात आमच्याकडे कुणी चहाला बसत नाही.

बीहीबाबांचा ठसा सातूच्या दाण्याचा. त्यांना हे काम शिकवलं इश्शू नावाच्या यहुदी उस्तादानं. तो बायकामुलांना घेऊन समुद्रापलीकडे कायमचा गेला, तेव्हा आपला मासोळीचा ठसा बीहीबाबांच्या हातात ठेवून गेला. तेव्हापासून त्या दुकानातल्या प्रत्येक दागिन्याच्या पाठीवर दाणा आणि मासोळी शेजारी शेजारी असतात. कल्तूम लहानपणापासून बापाशेजारी बसून शिकली. ते गेल्यावरही ती तेच दोन ठसे मारत राहिली.

"आणि तुझा गं?" मी एकदा विचारलं.

"लाल्ला तूदा, माझा नमुना कुठला आलाय? सगळे बाबांचेच," ती म्हणाली आणि कानस चालवायला लागली. लाल्ला म्हणून मान द्यायचा आणि ऐकायचं मात्र काही नाही, अशी ही माझी भावजय.

दुकान बापामागे तिच्या भावाकडे गेलं. हा अबेल्ला कासाब्लांकाला टायर विकतो. तो म्हणाला, "चालतंय तोवर बस बाबांच्या जागी. बंद पडलं की मी भाड्यानं देणार. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस माझ्या मागेच लागलाय." कल्तूमनं मान हलवली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही हे मात्र मी पाहिलं.

गल्लीत गिऱ्हाईक हल्ली उरलेलं नाही. येतात ते फोटो काढतात आणि जातात. म्हणून मी तिचं दुकान मोबाइलवर उघडलं. मला फ्रेंच लिहिता येतं, फोटो काढता येतात आणि भांडता येतं. तिला यातलं एकही येत नाही. भाकरीच्या कणकेवर घालायचा पांढरा कपडा अंथरायचा, त्यावर तिझर्झाय मांडायची, नवरीच्या दोन्ही खांद्यांना वस्त्र अडकवणारी ती त्रिकोणी जोडी, मधल्या साखळीसकट, आणि टिपायचा फोटो. ल्यों, ब्रसेल्स, कुठून कुठून आमच्याच माणसांच्या मुली मागवायला लागल्या. कव्हरवाला गप्प झाला.

मग ब्रसेल्सच्या एका मुलीनं एका फुलाचा फोटो पाठवला. गळ्यातलं पदक, पाकळ्यांचं. परदेशातल्या एका बड्या कंपनीचं. मुलीचं म्हणणं एवढंच की तसलंच चांदीत हवं, खरं परवडत नाही. कल्तूम त्या फोटोवर डोळे लावून बसली. पाकळीची कड आत कशी वळवली असेल, याचाच घोर. जमलं तेव्हा इतकी खूश की चुलीवर तागिनमधली भाजी करपली तरी हिला वास नाही.

"आता विचारा तिला, नमुना कुणाचा," ती मला म्हणाली.

"कशाला?"

"पाठीवर घालायला नको?"

मुलीनं कंपनीचं नाव कळवलं. आणि कल्तूमनं काय करावं? त्या कंपनीचं नाव मुलीनं लिहिलं होतं तसं, अक्षर अन् अक्षर, पदकाच्या पाठीवर कोरलं. शेजारी दाणा, शेजारी मासोळी. वर मला म्हणाली, पाठीचाही फोटो काढा, आणि खाली लिहा, नमुना अमक्यांचा, हात कल्तूमचा.

"अगं, काय गरज आहे?" मी म्हटलं. "मुलीला पदक हवंय, वंशावळ नकोय."

"नाव न घालता दिलं तर चोरी होईल, लाल्ला."

मी तणतणत पदक उलटं केलं. फोटो लागला. आणखी मागण्या आल्या. ती मान मोडेस्तोवर फुलं घडवत बसली आणि प्रत्येकाच्या पाठीवर इमानानं ते नाव कोरत राहिली.

आणि एका सकाळी आमचं दुकान गायब. बांगड्या नाहीत, तिझर्झाय नाही, काही नाही. त्या जागी सूचना: एका कंपनीनं तक्रार केली आहे, तुम्ही त्यांच्या नावानं नकली माल विकता, उत्तर द्या, नाहीतर दुकान कायमचं बंद. मी वाचून दाखवलं तेव्हा कल्तूम एवढंच म्हणाली, "नकली? अहो, मी तर नाव घातलं होतं."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. समोरच्या दुकानातला आद्दी, सुटलेलं पोट आणि त्याहून सुटलेली जीभ, स्वतःचा चहाचा पेला घेऊनच आला. "बीहीची पोर ती बीहीचीच," तो म्हणाला. "कासाब्लांकात टोपल्या भरभरून हीच फुलं विकतात. पाठ कोरी. कुणी हात लावत नाही. आणि ही बाई नाव कोरते, फोटो काढते, वर जगाला बोलावून दाखवते. घासून टाक ते नाव आणि दुसरं दुकान उघड. उस्ताद, ठसे, रीत... अगं, त्या रीतीनं कुणाचं पोट भरलंय?"

"दा आद्दी, चहा गार होतोय तुमचा," मी म्हटलं. पण खरं सांगते, त्याच्या बोलण्यानं मी आतून हलले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

दोन दिवसांत अबेल्लाचा फोन. त्याला कुणी कळवलं देव जाणे. म्हणाला, जुम्याला येतो, कव्हरवाल्याला घेऊन.

त्याआधी मी कल्तूमला बसमध्ये घालून अगादीरला नेलं. तिथं रफीकाबाई म्हणून आहेत, छोट्या धंदेवाल्यांची असली कामं बघतात. त्यांनी सगळं ऐकलं, फोटो पाहिला, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले.

"बाई, दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "ते फूल त्यांचं. न विचारता घडवलंत, ही एक चूक. पण नाव कोरलंत, ही त्याहून मोठी. ते नाव म्हणजे त्यांची सही. पाठीवर ती बघून लोकांना वाटणार माल त्यांच्या घरचा."

"पण खाली लिहिलं होतं, हात कल्तूमचा."

"लिहिलं होतंत, म्हणूनच थोडी आशा आहे."

कल्तूमनं जरा विचार केला. "म्हणजे नाव न घालता घडवायचं?"

"नाही. घडवायचंच नाही."

"हे पटलं," ती म्हणाली. "नाव न घालता मला जमलंच नसतं."

रफीकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि आमची तिझर्झाय?" कल्तूमनं हळूच विचारलं.

"ती कुणा एकाची नाही. तुमच्या आज्या-पणज्यांनी घातली, तुम्ही खुशाल घडवा. उद्या कुणी परदेशी आला आणि म्हणाला की हा माझाच नमुना, तर मला फोन करा. तेव्हा भांडायची पाळी आपली." मग त्यांनी आम्ही सोबत नेलेली तिझर्झाय उलटी केली. "दाणा वडिलांचा. ही मासोळी कुणाची?"

कल्तूमनं सांगितलं. उस्ताद, समुद्र, हातात ठेवलेला ठसा.

"आणि तुमची स्वतःची खूण?"

"नाही."

"मग तुम्ही कोण ते त्यांना कळणार कसं? ही दोन्ही ठेवा हो, कोण नको म्हणतंय. पण तुमची एक हवी. आपण ती तुमच्या नावावर नोंदवू."

घरी आल्यावर उरलेली फुलं कल्तूमनं मुशीत टाकली. वितळताना तिचा चेहरा असा झाला होता की मीच आत जाऊन भांडी घासत बसले. मग कंपनीला पत्र. ती सांगणार, मी फ्रेंचमध्ये लिहिणार.

"लिहा, तुमचं फूल फार सुंदर आहे. पाकळीची कड आत वळवणाऱ्याचे हात सलामत राहोत."

"माफी मागतेस की मागणी घालतेस?"

"लिहा हो, लाल्ला. आमच्यात नमुना घेतला तर नाव घालतात. तुमच्यात तो गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं. फुलं वितळवली. पुन्हा करणार नाही. माझ्या वडिलांची जागा मोबाइलवरच्या या दुकानावर टिकून आहे."

शेवटचं वाक्य मी खोडणार होते. नाही खोडलं.

जुम्याला अबेल्ला खरंच आला. सोबत कव्हरवाला, त्याच्या हातात टेप. तो भिंती मोजायला लागला आणि कल्तूम ऐरणीशी पाठ करून बसून राहिली, उठली नाही. अबेल्लाचा पाय कुठं ठरेना. उगाच बापाचा खण ओढला, तर आतून सुके बदाम घरंगळत आले.

"हे अजून आहेत?" तो म्हणाला.

"बाबा कधी शाबासकी द्यायचे नाहीत," कल्तूम त्याच्याकडे न बघता म्हणाली. "काम जमलं की ऐरणीवर एक बदाम ठेवायचे आणि मशिदीकडे निघून जायचे."

"मला कधी मिळाला नाही."

"तू कधी बसलास?"

अबेल्ला खाली वाकला. बदाम वेचून त्यानं खणात परत ठेवले, एक एक करून. कव्हरवाल्यानं विचारलं, फळ्या कुठे ठोकायच्या, तर म्हणाला, "थांब जरा. उत्तर येऊ दे." माझ्या मनात त्याच्याबद्दल जेवढा राग होता त्यातला निम्मा तिथंच उतरला.

आणि कल्तूम? ती पायाशी घरंगळलेला एक बदाम हातात घेऊन बघत होती. त्या दिवशी तिनं पोलादाची सळी घेतली आणि आपला पहिला ठसा कोरला. छोटासा बदाम, मधे एक शीर.

कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं आणि कोरडं ठणठणीत. तक्रार मागे घेतो, पुन्हा होऊ नये. हातांना सलामत म्हटल्याचा उल्लेख नाही. मेले कागदी लोक. पण दुकान उघडलं. कव्हरवाल्यानं फळ्या दुसरीकडे ठोकल्या. अबेल्लानं आमच्याकडून बदाम-मधाच्या अम्लूची बरणी मागवून घेतली, म्हणजे भांडण मिटलं.

यानंतर कल्तूमला काय झालं कोण जाणे, ती स्वतःच्या मनातलं घडवायला लागली. जुनीच तिझर्झाय, पण टोकाशी बदामाच्या झाडाची वाकलेली फांदी. हा नमुना बापाचा नाही, इश्शूचा नाही, कुणाचाच नाही. पाठीवर पहिल्यांदाच एकटा बदाम. रफीकाबाईंनी ठशाची नोंद पक्की झाल्याचं कळवलं, तेव्हा मी गल्लीभर चहा पाजला.

मग एका दुपारी मोबाइल बघता बघता मी ताडकन उठले. दुसऱ्याच कुणाच्या दुकानात तीच फांदीची तिझर्झाय. पाठीचाही फोटो. एक ठसा पहारीचा, आणि शेजारी आमचा बदाम. पहारीचा ठसा गल्लीत एकाचाच आहे. आद्दीचा. जो म्हणाला होता रीतीनं पोट भरत नाही, तोच.

"मेल्याला आता दाखवतेच," मी म्हटलं. तक्रारीची जागा मला आता पाठ झाली होती. "नोंदलेला ठसा आहे आपला. त्याचं दुकान संध्याकाळपर्यंत बंद."

कल्तूमनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मला वाटलं चिडली. वर बघितलं तर डोळे भरलेले.

"लाल्ला, त्यानं घातलाय हो," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही तरी घातलाय."

"त्यामुळंच तर गुन्हा होतो, विसरलीस?"

"मग परवानगीचा कागद करा. रफीकाबाईंना विचारा कसा लिहायचा. त्याचं दुकान माझ्यासारखं बंद पडायला नको." एवढं बोलून तिनं खण उघडला, काहीतरी मुठीत घेतलं आणि समोर गेली. मी मागोमाग. अशा वेळी घरी कोण थांबतं?

आद्दीनं तिला पाहिलं आणि हातातला पेला खाली ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कल्तूमनं त्याला बोलू दिलं नाही. त्याच्या ऐरणीवर तिनं एक बदाम ठेवला.

आद्दी बदामाकडे बघत राहिला. बीहीबाबांच्या समोरच्या दुकानात सबंध आयुष्य काढलेला माणूस, त्याला सांगायला नको होतं त्याचा अर्थ काय. त्यानं हात सदऱ्याला पुसले आणि मगच तो उचलला.

"ठसा जरा तिरका पडलाय, दा आद्दी," कल्तूम म्हणाली. "पुढच्या वेळी सरळ मारा."