मी फारसीचा मास्तर होतो तेव्हा

आमच्या शाळेतले फारसीचे मास्तर दिवाळीच्या सुटीत बोटीने मुंबईला गेले, आणि तिथून कराचीला नोकरी लागल्याचं कळवून मोकळे झाले. त्यांच्या जागी दुसरा मिळेना. संस्कृतचा मास्तर हवा असता तर हेडमास्तरांनी खिडकीतून नुसतं खाकरायचं, रस्त्यावरून जाणाऱ्या चारांतले तीन आत आले असते. फारसीचं तसं नव्हतं. पावसाळ्यात बोट बंद असते हे कळलं की मुंबईचा पदवीधर अर्ज मागे घेई. आणि फारसी बंद केली तर ती घेतलेली पाच मुलं गावातल्या दुसऱ्या शाळेत जाणार. हेडमास्तरांना त्यापेक्षा ती समुद्रात बुडालेली परवडली असती.

मी तेव्हा पंचविशीत होतो. ट्रेनिंग कॉलेजचं सर्टिफिकेट घेतलेला, संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेला, खालच्या इयत्तांना मराठी आणि भूगोल शिकवणारा. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्हाला मोडी येते ना?"

"येते."

"जुन्या दफ्तरातले निम्मे शब्द फारसी. अर्ज, फैसला, मुदत, दस्त. म्हणजे निम्मी फारसी तुम्हाला येतेच. उरलेली निम्मी शिकायची."

"पण सर, ती लिपी..."

"लिपी उजवीकडून डावीकडे जाते, एवढंच. मोडी वाचणाऱ्याला दिशेचं काय कौतुक?"

नियम असा होता, निदान हेडमास्तर सांगत तसा होता, की ज्या विषयाला मास्तर मिळत नाही तो सर्टिफिकेटवाल्या कुठल्याही मास्तराने शिकवावा. फक्त शिकवता शिकवता स्वतः त्या विषयाचा अभ्यास करून परीक्षा द्यावी. परीक्षा म्हणजे मॅट्रिकचाच फारसीचा पेपर. माझ्या सर्टिफिकेटावर वस्तुपाठ, बागकाम आणि कवायत यांत मी प्रवीण असल्याचं लिहिलं होतं. फारसी कवायतीच्या जास्त जवळची की बागकामाच्या, हे मी विचारलं नाही. मी हो म्हटलं. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. साठ पोरांना द्वीपकल्प म्हणजे काय ते ओरडून सांगताना माझा घसा बसत असे, आणि फारसीला पोरं पाचच होती.

घरी मी आणि आई दोघंच. तिला सांगितल्यावर तिने हातातली पळी खाली ठेवली.

"संस्कृत शिकवलं तुला ते ह्यासाठी? जळ्ळं मेलं ते शिक्षण! आता तो दरवाजा लावून घे आधी, बाहेर हवा खराब आहे, नि चादर घेऊन पड जरा. डोकं ठिकाणावर येईल."

"आई, दरवाजा फारसी, खराब फारसी, चादर फारसी. तू आत्ता फारसीच बोललीस."

"माझी जीभ झडो," आई म्हणाली. मग चुलीवरच्या पातेल्याकडे बघून म्हणाली, "कढी?"

"कढी आपली."

"हुश्श," म्हणाली आणि तिने पळी पुन्हा उचलली.

मला शिकवायला हेडमास्तरांनी गावातल्या राजिवडा मोहल्ल्यातले एक म्हातारे गृहस्थ गाठून दिले. ते पूर्वी कोर्टात दुभाषे होते. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. त्यांना फी नको होती. त्यांची नजर गेली होती आणि मराठी वर्तमानपत्राचं व्यसन मात्र राहिलं होतं. मी रोज सकाळी अर्धा तास त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, मग त्यांनी अर्धा तास फारसी सांगायची, असं ठरलं. प्रत्यक्षात पाऊण तास वर्तमानपत्रात जाई. कौन्सिलातलं भाषण वाचलं की ते मांडीवर थाप मारून म्हणत, "खोटं बोलतो! पुन्हा वाचा." उरलेल्या पाव तासात ते डोळे मिटून शेर म्हणत आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळे. मी अर्थ विचारला की ते दुखावत.

"मुन्शीजी, आधी थोडं व्याकरण झालं असतं तर..."

"व्याकरण म्हणजे माशातला काटा, मास्तर. आधी मासा तर खा!"

मी मासे खात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ह्या तयारीवर मी वर्गात पाऊल ठेवलं. पाचही मुलं खाडीकाठच्या मुसलमान घरांतली. लहानपणी कुराण शिकलेली, त्यामुळे ती लिपी ती पाण्यासारखी वाचत. मी खुर्चीवर बसलो, गंभीर चेहरा केला आणि पुस्तक उघडलं. शेवटचं पान निघालं. मागच्या बाकावरून अगदी अदबीने आवाज आला, "सर, ह्या बाजूनं."

हा आवाज वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या विद्यार्थ्याचा होता. मोठा म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो नाटे गावचा, म्हणून नाटेकर. घरची गलबतं होती, मध्ये काही वर्षं त्याने गलबतावर हिशेबनीस म्हणून काढली होती, लग्न झालं होतं, दाढी होती, आणि दोनदा मॅट्रिक नापास होऊन तो पुन्हा शाळेत आला होता. बापाने सांगितलं होतं म्हणे, मॅट्रिक हो नाहीतर तोंड दाखवू नको. म्हणून तो रत्नागिरीत खोली घेऊन राही आणि महिन्यातून एकदा बापाला तोंड न दाखवता घरी जाऊन येई.

तास संपल्यावर तो थांबला. मला वाटलं, आता हा हेडमास्तरांकडे जाणार.

"सर, तुम्हाला वाचता येत नाही," तो म्हणाला.

"नाही येत," मी म्हटलं. खोटं बोलण्याइतकी फारसी मला येत नव्हती.

"मला येतं. पण पेपरात त्याचं इंग्रजी करायला सांगतात. तिथं मी दोनदा मेलो. तुम्हाला इंग्रजी येतं ना?"

"ते येतं."

"मग झालं तर!"

आमचा करार तिथल्या तिथे झाला. वर्गात तो धडा वाची, दुसरा एक जण मराठीतून अर्थ सांगे, आणि मी त्या अर्थाचं इंग्रजी कसं करायचं, क्रियापद कुठे ठेवायचं, ते फळ्यावर दाखवी. हे करता करता मला अक्षरं लागू लागली. चार निरनिराळी अक्षरं, आणि चौघांचा उच्चार एकच 'ज', हा प्रकार मला आजही सरकारी उधळपट्टी वाटतो. पण त्या भाषेत तो, ती, ते ही भानगड नाही, हे कळलं तेव्हा मी आनंदाने घरी येऊन आईला सांगितलं.

"मग नवरा आला की बायको, कळणार कसं?" आई म्हणाली.

मी हाच प्रश्न मुन्शीजींना एका शेरातल्या प्रियेबद्दल विचारला. त्यांनी घाईघाईने वर्तमानपत्र मागितलं.

ट्रेनिंग कॉलेजात आमच्या हाडांत एक गोष्ट भिनवलेली होती: वस्तू दाखवल्याशिवाय पाठ घ्यायचा नाही. द्वीपकल्प दाखवता येत नाही, पण फारसीत मी मनावर घेतलं. पहिल्याच पुस्तकात सुरूचं झाड आलं. मुलांना घेऊन मी किनाऱ्यावर गेलो, वाऱ्यात सूं सूं करणारी सुरूची झाडं दाखवली आणि प्रेयसीची उंची अशी असते म्हणून सांगितलं. नाटेकर वर बघत म्हणाला, "सर, एवढी उंच बायको घरात मावायची नाही." पुढे कळलं की इराणातला सुरू वेगळा आणि आपला वेगळा, पण तोवर पाठ होऊन गेला होता.

मग मद्याचा पेला आला. मी घरून आमसुलाचं सरबत नेलं, काचेच्या पेल्यात ओतलं आणि टेबलावर ठेवलं. लालभडक रंग, उन्हात चमकणारा. मी पेला हातात धरून साकी म्हणजे कोण ते सांगत होतो, इतक्यात दारात हेडमास्तर उभे राहिले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत आले आणि पेल्याचा वास घेतला.

"आमसूल," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेहून निराशाच जास्त दिसली. जाताना पेला संपवून गेले.

मार्गशीर्षात इन्स्पेक्टरसाहेब आले. पुण्याचे होते, आणि दुर्दैवाने त्यांना फारसी येत होती. आजोबा हैदराबादेत नोकरीला, त्यामुळे घरात फारसी. ते मागे जाऊन बसले आणि म्हणाले, "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. अडखळलो नाही, कारण तो उतारा नाटेकराने माझ्याकडून आठवडाभर घोटून घेतला होता. 'इन्स्पेक्टर हाच उतारा काढतो, सर,' असं तो म्हणाला होता. त्याचा शाळेतला अनुभव माझ्याहून दांडगा. वाचून झाल्यावर इन्स्पेक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मास्तर, चूक एकही नाही. पण तुमचं वाचन ऐकून इराण देश संगमेश्वर तालुक्यात असावा असं वाटतं."

नाकातून बोलायची आमची जी रीत, ती मी फारसीलाही लावली होती. मुलं खो खो हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय? नाटेकर मात्र उठून उभा राहिला.

"साहेब, आमी सगळेच असे बोलतो. इराणी माणसाला कळतं. आमच्या गलबतावर बसऱ्याला एक जण भेटला होता, त्याला माझी फारसी कळली."

"काय बोललात त्याच्याशी?"

"खजूर महाग आहेत म्हटलं."

इन्स्पेक्टरसाहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण जाताना मला बजावलं, "यंदाच परीक्षेला बसा. पुढल्या वर्षी 'अजून शिकतोय' ही सबब चालणार नाही."

परीक्षेचं केंद्र आमच्याच गावात होतं. फारसीच्या पेपराच्या दिवशी मी धोतर, कोट, टोपी अशा मास्तरी थाटात गेलो, कारण मास्तराला दुसरा पोशाखच नव्हता. दाराशी जरा रेंगाळलो. मनात एवढंच, की माझ्या मुलांचं माझ्याकडे लक्ष जाऊ नये. आत पाय टाकला मात्र, माझी पाचही मुलं सवयीने खाडकन उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून त्यांच्या आजूबाजूची राहिली. मग तालुक्याहून आलेली, मला जन्मात न पाहिलेली मुलंही कुणी बडा साहेब आला समजून उठली. अख्खा हॉल उभा! मुख्य पर्यवेक्षक लगबगीने पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "यावं, यावं. आपण?"

"मी परीक्षेला," मी म्हटलं आणि हातातला नंबर दाखवला.

त्यांनी जोडलेले हात सोडले. "मग बसा की जागेवर!"

मी बसल्यावर हॉल बसला. माझी जागा नाटेकराच्या पुढची होती. त्याने मागून हळूच विचारलं, "सर, भीती वाटते?"

"वाटते," मी म्हटलं.

"मला पहिल्या दोन वेळेला वाटली होती. आता नाही वाटत."

आमच्याच शाळेचे ड्रॉइंग मास्तर पहाऱ्याला होते. ते आम्हा दोघांवर खेकसले, "बोलायचं नाही!" आणि मग मी कोण ते आठवून कानापर्यंत लाल झाले.

पेपर बरा गेला. मद्याचा पेला आला होता; त्याचं इंग्रजी करताना मला आमसुलाचा वास येत होता.

बोटी बंद व्हायच्या आत निकाल लागला. मी पास झालो. पाचांतले चार पास झाले, त्यांत नाटेकर. गुण कळले तेव्हा त्याचे फारसीचे माझ्याहून जास्त निघाले. हेडमास्तरांनी हे कुणाला सांगू नका म्हणून मला बजावलं आणि स्वतः बाजारभर सांगितलं. आईने साखर वाटली. शेजारणीने कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, "परीक्षा पास झाला. कसली ते मला विचारू नका."

मुन्शीजींना सांगायला गेलो. मला वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी विचारलं, "किती शेर पाठ झाले?"

"अकरा-बारा."

"आणि तेवढ्यावर सरकारनं पास केलं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "हे राज्य टिकत नाही, मास्तर. वर्तमानपत्र काढा."

त्यांना मी पुढे कित्येक वर्षं, ते जाईपर्यंत, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्यांनी व्याकरण शेवटपर्यंत शिकवलं नाही. ते मी पुस्तकातून शिकलो आणि त्यांना कळू दिलं नाही.

नाटेकराला मुंबईत एका आगबोट कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळाली. मोसमातल्या शेवटच्या बोटींपैकी एकीने तो निघाला. मी बंदरावर पोचवायला गेलो. तिथे ही गर्दी, ट्रंका, आंब्याच्या करंड्या, रडणाऱ्या बायका. तो बोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यापाशी उभा होता. बरोबर त्याचा बाप आला होता, नाट्याहून खास. पांढरी दाढी, उन्हाने रापलेला, दोन वर्षांनी मुलाचं तोंड उघडपणे बघणारा. नाटेकराने माझा हात धरून मला त्यांच्यापुढे नेलं.

"बाबा, हे माझे सर," तो अभिमानाने म्हणाला. "आमी दोघं एकाच वर्षी पास झालो."

म्हाताऱ्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मोठ्या सहानुभूतीने विचारलं, "तुम्ही किती वेळा बसला होता?"

"एकदाच," मी म्हटलं.

त्यांनी मुलाकडे वळून बघितलं, पण तोवर तो मचव्यात उडी मारून बसला होता.