कूलरसमोर बसवलेली फिल्म

“ही फिल्म काळी. तीही काळीच. मग तुमच्या शबानानं केलं काय?”

मुंबईहून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी दोन काचा माझ्या नाकासमोर धरल्या. शबाना शेख ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी, रोज केडगावहून स्कूटीवर येणारी. तिचा विषय चालू ठेवायचा की बदलायचा, हे मॅडम त्या दिवशी ठरवणार होत्या.

भानगड अशी. पेरोव्हस्काइट हा सोलर सेलसाठीचा पदार्थ. आमचा इनऑर्गॅनिक, म्हणजे सिझियम, शिसं आणि आयोडीन. द्रावणाचा थेंब काचेवर टाकायचा, काच भिंगरीसारखी फिरवायची, हॉटप्लेटवर तापवायची. झाली पातळ फिल्म. काळी आहे तोवर ती ऊन छान शोषते. दमट हवा लागली की आतली रचना बदलते आणि बाईसाहेब पिवळ्या पडतात. पिवळी म्हणजे बाद. ती काळीच टिकावी म्हणून शबानानं थोड्या शिशाच्या जागी मँगनीज बसवलं होतं. याला डोपिंग म्हणतात. खेळाडूंचं वेगळं, आमचं कायदेशीर.

मॅडमचा प्रश्न मात्र बिनतोड होता. नगरच्या एप्रिलात पापड सादळत नाही, तिथं साधी फिल्म तरी कशाला पिवळी पडेल?

तेवढ्यात प्राचार्यांची एन्ट्री. मागे दोन शिपाई आणि भलामोठा कूलर.

“अहो सर, पाहुण्यांना घाम फुटलाय आन् तुमी काचा काय दाखवत बसलाय!”

टाकीत पाणी पडलं, बटण दाबलं गेलं. ओल्या हवेचा झोत थेट टेबलावर ठेवलेल्या दोन्ही काचांवर! मी बटणाकडे झेपावलो.

“सर, राहू द्या चालू,” शबाना म्हणाली.

“अगं, दोन्ही पिवळ्या पडतील!”

“मँगनीजवाली पडली, तर बदला माझा विषय.”

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. प्राचार्यांना वाटलं, कूलर आवडला. चहा आला. आम्ही कपाला हात लावला नाही. प्राचार्यांनी दोन घेतले.

साध्या फिल्मच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उमटला. तो पसरत गेला आणि बघता बघता अख्ख्या काचेला नवरीसारखी हळद लागली. शेजारची मँगनीजवाली ढिम्म. काळीकुट्ट.

“अरेरे, खराब झाली का ओ?” प्राचार्य कळवळले.

“झाली!” आम्ही तिघं एका सुरात, आनंदानं ओरडलो.

विषय चालू राहिला. जाताना मॅडम शबानाला म्हणाल्या, “जुलैत फिल्म घेऊन मुंबईला ये. तिथं कूलर लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी मँगनीजवालीही कडेनं पिवळी पडायला लागली. शबानानं तिच्याकडे पाहिलं, “प्रमाण बदलून बघते,” म्हणाली आणि हॉटप्लेट लावली.

मी एवढंच शिकलो : ज्या फिल्मला कुणी छळलंच नाही, तिच्या टिकाऊपणाचं कौतुक करू नये.