न भाजणारे हात

मी भित्री नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. माझं माहेर कोलशेतचं, खाडीच्या काठावरचं. भरतीच्या पाण्यात बुडी मारून भावांच्या आधी पलीकडे निघायची मी. लग्न होऊन बाळकुमला आले तेव्हा घराच्या मागे अजून भातशेती होती, आणि त्या भरल्या घरात माझं नाव झालं ते माझ्या हातांमुळे.

आमच्या आगरी घरांत सून जोखतात ती तांदळाच्या भाकरीवरून. भाकरी तव्यावर बोटांनीच उलटायची, बोटांनीच उतरवायची. उलथनं हातात घेणारी बाई नवखी समजली जायची. चटका बसला तरी तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. सुरुवातीला मलाही चटके बसत. बोटं पदरात दाबून मी हसून दाखवायचे. मुलगी झाली, ती चालायला लागली, आणि त्या सुमारास केव्हातरी चटके बसायचे थांबले. मला वाटलं, झाले हात तयार. घरात सगळ्यांनाच तसं वाटलं.

मग काय विचारता. नात्यात कुठेही हळद असली की मला बोलावणं. मी चुलीपुढे बसले की बायका हातातलं काम सोडून बघायच्या. फुगलेली भाकरी मी नुसती उचलायचे, तवासुद्धा फडक्याशिवाय सरकवायचे. सासूबाई पाहुण्यांना सांगत, "आमचे सुनेचे हाताला इस्तव पन लागत नाय." विस्तवही जिला लागत नाही अशी सून मिरवायला कोणाला आवडणार नाही? मी वरवर लाजायचे आणि आतून फुगायचे.

फोड यायचे, पण ते दुखत नव्हते. न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करतं? तक्रार होती ती डोक्याची. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की मानेच्या वर अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी. घरातले म्हणायचे पित्त. मी हसायचंच कमी केलं. सून आता पोक्त झाली म्हणून त्याचंही कौतुक झालं.

मग एके सकाळी मी चुलीपुढे बसून मुलीशी बोलत होते. ती दप्तर भरता भरता थांबली आणि म्हणाली, "आई, कसला तरी वास येतोय." मलाही आला. भाकरी करपली असेल म्हणून तव्याकडे पाहिलं, तर भाकरी नव्हतीच. तव्याच्या कडेवर माझा उजवा हात टेकला होता आणि तो वास माझ्या हाताचा होता. हात उचलला तेव्हा कातडीचा तुकडा तिथेच राहिला. मी त्याच्याकडे बघत बसले. दुखत काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरी घाबरले ती तेव्हा.

नवऱ्याने ठाण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापूस फिरवला, तो कळला. सुई टोचली, ती टोचली नाही, नुसती लागली. मग काचेच्या दोन नळ्या हाताला लावल्या, एकीत गरम पाणी, एकीत थंड. कुठली गरम ते विचारलं. मी अंदाजाने सांगत गेले आणि त्यांच्या गप्प राहण्यावरून समजले की चुकतेय.

मणक्याचा एमआरआय मुंबईला झाला. तेव्हा ही तपासणी नवीन होती, आमच्या गावात तिचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. मज्जारज्जूच्या आत, मानेपासून खाली, एक लांब पोकळी होती, पाण्याने भरलेली.

"मेंदूभोवती आणि मणक्यात पाणी असतं," ते म्हणाले. "हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते थोडं खाली जातं, थोडं वर येतं. तुमच्या मानेपाशी ते अडलं असावं, असा मला संशय आहे. अडलेलं असेल तर ऑपरेशन करून वाट मोकळी करावी लागेल. अडलेलं नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. पाणी वाहताना दिसल्याशिवाय मी मानेला हात लावायला सांगणार नाही."

"आणि नाही केलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"पोकळी वाढत जाते. मग बोटांची ताकद जाते. जे गेलंय ते परत येईलच असं नाही. उरलंय ते वाचवायचं."

सासूबाईंना मी घरी येऊन सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात आणि खारजमिनीत गेलेलं. त्या म्हणाल्या, "उघाडी बंद रायली की पानी बांदाला आतशी खातं." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. डॉक्टरांच्या फिल्मपेक्षा मला त्या वाक्याची भीती जास्त वाटली, कारण आतून खाल्लेला बांध मी लहानपणी पाहिला होता. वरून तो धडधाकट दिसत होता.

पाणी वाहताना बघायच्या तपासणीसाठी पुन्हा त्याच यंत्रात जायचं होतं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्यांत अडकवलेल्या पिना, सगळं उतरवलं. सासूबाईंनी मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं आणि बाकावर बसल्या. नवरा म्हणाला, "घाबरू नको, मी भायेर हाय." बाहेर असून काय उपयोग, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

यंत्र चालवणारा माणूस बोलका होता. "ताई, हलायचं नाही, खोकायचं नाही, जमलं तर गिळायचं पण नाही. हे साध्या फोटोसारखं नाय. तुमच्या ठोक्याबरोबर मशीन थोडं थोडं घेतं, खूप ठोके लागतात. वेळ जातो." त्याने माझ्या बोटाला ठोके मोजायचा चिमटा लावला, डोकं पिंजऱ्यासारख्या साच्यात बसवलं आणि मला आत सरकवलं.

आत छत नाकाला लागेल इतकं जवळ होतं. पत्र्यावर हातोडे मारावेत तसा आवाज सुरू झाला. मी ठरवलं होतं, निपचित पडायचं. पण गिळायचं नाही म्हटलं की तोंडात पाणी येतंच. मी गिळलं. मग घशात खवखव सुरू झाली. खोकले तर डोक्यात कळ येणार आणि तपासणी वाया जाणार, या विचाराने छाती धडधडू लागली. मध्येच आवाज थांबला आणि त्या माणसाचा आवाज आला, "ताई, शांत व्हा. ठोके एवढे पळतायत, मशीनला पकडताच येत नाहीत." शांत व्हा म्हटल्यावर कोणी शांत झालंय का कधी? पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. शेवटी मी खोकले, कळ आली, आणि अडचण आली तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा दाबून मी ओरडले. बाहेर आले तेव्हा माझा गाऊन घामाने ओला होता. फिल्मवर नुसता पुसट धूर आला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. पाणी अडलंय का, ते कळत नाही म्हणून ऑपरेशन नाही, आणि ते कळत नाही ते माझ्याच भीतीमुळे. सकाळी उठल्याबरोबर मी सुईत दोरा ओवून बघायचे, बोटं अजून ऐकतात का. एक दिवस ओवता आला नाही. सुई उशीखाली ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही.

मग डॉक्टरांचा निरोप आला. मुंबईतच दुसऱ्या एका ठिकाणी नवीन यंत्र आलं होतं. तेच चित्र तिथे फार लवकर निघायचं, श्वास रोखून धरता येईल तेवढ्यात. "श्वास रोखता येईल ना?" त्यांनी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला जमेल असं काहीतरी कोणी विचारत होतं.

भीती तशीच होती, खोटं कशाला सांगू. छत तसंच नाकाशी, आवाज तसाच कर्कश. पण "श्वास धरा" म्हटल्यावर मी डोळे मिटले आणि कोलशेतच्या खाडीत बुडी मारली. कानांत दडे, पायाखाली चिखल, आणि वर यायची घाई नाही. "सोडा" ऐकू आलं तेव्हा मला आणखी थोडं धरता आलं असतं.

डॉक्टरांनी ते चित्र पडद्यावर चालवून दाखवलं. मानेच्या पुढच्या बाजूला पाणी काळं-पांढरं होत खाली-वर सरकत होतं, माझ्याच ठोक्यांबरोबर. मागच्या बाजूला काही हलत नव्हतं. तिथे नुसता राखाडी पट्टा होता. नवऱ्याने माझा खांदा धरला आणि मी तिथेच रडले. संशय खरा निघाला होता.

ऑपरेशन झालं. डोक्यामागचं हाड थोडं काढून वाट मोकळी केली. कळ गेली, मी पुन्हा हसू लागले. बोटांची ताकद टिकली, दोरा ओवता येऊ लागला. पण गरम-थंड काही परतलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गरम आहे का ते गालाने बघत जा. अजूनही चहाचा कप मी आधी गालाला लावते.

मुलगी मोठी होऊ लागली. कोपरला माझ्या नणंदेच्या घरी हळद होती, आणि चुलीपुढे या खेपेला माझी मुलगी बसली. मी दारात होते. तिने तव्यावरची भाकरी बोटांनी उचलली, टोपलीत टाकली, चेहऱ्यावर काही नाही. दुसरी उचलली. बायका म्हणाल्या, "पोर आयशीवर गेली गो."

तिला दंडाला धरून मागच्या पडवीत नेलं. विचारलं, "भाजलं का?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही भाजलं, आई."

पडद्यावरचा तो न हलणारा राखाडी पट्टा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी तिची बोटं माझ्या गालाला लावली. ती रसरसलेली होती. माझं तोंड बघून तिचे ओठ थरथरायला लागले.

"भाजलं," ती म्हणाली. "खूप भाजलं. पण तू कधी ओरडायची नाहीस ना."

मी तिची बोटं रांजणातल्या पाण्यात बुडवली आणि म्हटलं, "ओरड." ती आधी हळू रडली, मग मोठ्याने. आतल्या बायकांचं बोलणं थांबलं, कोणीतरी काय झालं म्हणून विचारत आलं. मी तिला गप्प केलं नाही.