गाठीवरून पिशवी ओळखणाऱ्या मावशी

शिरूरला आमच्या गल्लीत घंटागाडीवर मावशी येतात. पिशवीची गाठ बघून ती कुणाच्या घरची, हे त्या बिनचूक सांगतात. मी बालवाडीची बाई, घरातली पहिली पदवीधर. कचऱ्याचं पुढं काय होतं, हे पोरांना दाखवायला मी त्यांनाच वर्गात बोलावलं.

त्यांनी गाडीतली एक पिशवी कागदावर उपडी केली. "ह्या साली खतात जात्यात. पुठ्ठा भंगारात."

सालींतून फुटक्या बरणीची काच निघाली. पिशवी माझीच होती.

"कुणाची वो, मावशी?" एका पोरीनं विचारलं.

"वळखू येत न्हाई, बाय. पर निवडताना हात माझाच कापतो."

मला राहवलं नाही. "माझी आहे," मी म्हटलं.

मावशी हसल्या. "मग पोरांनो, काच कागदात गुंडाळून येगळी द्यायची, हे बाईंला तुम्हीच शिकवा."