जबड्याचं दुखणं

"छातीत दुखत नाही ना?" आमच्या नोएडातल्या सोसायटीत चाळिशी ओलांडलेला कुठलाही पुरुष भेटला की वहिनी नमस्काराऐवजी हेच विचारायच्या. मराठी असेल तर मराठीत, नाहीतर हिंदीत. लोक हसायचे. तुमच्याही कॉलनीत अशी एखादी बाई असेल; तुम्हीही हसला असाल.

आमचे फ्लॅट समोरासमोर. परदेशी कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या, तेव्हा वहिनींचे यजमान पुण्याहून इथल्या नव्या कारखान्यात आले. पगार मोठा, घरी यायची वेळ नाही. एका दुपारी मीटिंगमध्ये त्यांच्या छातीत दुखू लागलं. ॲसिडिटी समजून ते पाणी पीत बसले आणि खुर्चीतच गेले. मुलगी तेव्हा आठवीत होती.

हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा हा आजार जगभर आहे, सगळ्यात जास्त माणसं यानंच जातात, आणि आपल्याकडे तो जरा लवकरच गाठतो, अशी डॉक्टरांनी वहिनींची समजूत काढली. हे मला सांगून त्या म्हणाल्या, "सगळ्या जगाला होतं म्हणे. म्हणून मला कमी दुखायचं का?"

पुढे त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि सोसायटीतल्या पुरुषांना पहाटे फिरायला न्यायचं वेड घेतलं. घंटी वाजवून उठवायच्या. खालच्या भाटियाजींचे पराठे त्यांनीच बंद केले. भाटियाजी बायकोपेक्षा त्यांना जास्त घाबरत.

एकदा मी विचारलं, "आणि आपण बायका?"

"अगं, आपल्याला कुठे काय होतंय? आपले गुडघे तेवढे जातात."

आम्हा दोघींनाही ते खरंच वाटत होतं.

मुलगी दहावीत होती, त्या हिवाळ्यात वहिनींचा जबडा दुखू लागला. जिना चढताना जास्तच. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. दुखणं तसंच राहिलं, म्हणून दुसरी काढली. पाठ भरून येई, दम लागे. थंडी आहे, दगदग आहे, असं जो तो म्हणे, आणि त्याही तेच म्हणत. एका सकाळी मुलीचा डबा भरता भरता त्या ओट्यापाशी खाली बसल्या. मुलगी मला बोलवायला धावत आली. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

हृदयविकारच, डॉक्टर म्हणाले. बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते.

नाशिकहून मामा मुलीला न्यायला आले. सामान बांधताना तिनं मला विचारलं, "काकू, हे आधी कुणाला माहीत होतं का?"

"डॉक्टरांना असेल."

"मग आम्हाला का नव्हतं?"

मी तिच्या आईच्या साड्यांच्या घड्या घालत राहिले.

टेम्पो निघाला तेव्हा गेटाशी ऑफिसला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. वाट मिळेपर्यंत ती पुढच्या सीटवर मामांशेजारी मान खाली घालून बसली होती, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.