अर्डिसचा पाय

मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या त्या गावात बर्फ धरायच्या आधी सगळ्या मोटरसायकली लाइल निस्कानेनच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्कामाला यायच्या. टाकी काठोकाठ भरायची, पेट्रोल टिकवायचं औषध ओतायचं आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे ते औषध कार्ब्युरेटरपर्यंत उतरतं. लाइलच्या डाव्या हातचा मळ.

मागच्या नोव्हेंबरात मात्र हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायची आदली संध्याकाळ होती. बाहेर शिकारीची मंडळी भोंगा वाजवत होती. राहिली होती अर्डिस लिंडग्रेनची गाडी. लाइलनं औषध ओतलं, झाकण लावलं, बाकीचं आल्यावर बघू म्हणून बंदूक उचलली. आल्यावर विसरला.

मे महिन्यात त्यानं गाडी ट्रकवर घालून तिच्या अंगणात उतरवली. अर्डिस सत्तरीच्या पुढची, गाडी जुनी, किक मारल्याशिवाय न हलणारी, आणि त्या किकला दुसऱ्याचा पाय ती लागू देत नसे. पुढं पोस्टात भेटली तेव्हा सहज सांगितल्यासारखं म्हणाली, गाडी विकतेय, किती किका मारल्या तरी सुरू होत नाही, पायात जोर उरला नाही. लेक डुलुथ शहरात माझ्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघतेय.

लाइलला शेडमधली ती संध्याकाळ आठवली. बाईच्या पायाला काही धाड भरली नव्हती; कार्ब्युरेटरात जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकटून बसलं होतं. पण मागं माणसं उभी होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या त्याच्याकडे असत. तो हवापाण्याचं बोलला आणि सटकला.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी झाल्यावर अर्डिस टेबलाचा आधार घेऊन उठली. अशी ती कधी उठली नव्हती. लाइलनं कप अर्धाच ठेवला.

दुपारी तो हत्यारं घेऊन तिच्या दारात गेला.

"पाय धड आहे तुझा, अर्डिस. मीच इंजिन न चालवता गाडी ठेवली."

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पोस्टात बोललीस ना, तेव्हापासून."

"आणि मी मेली रोज गुडघा चोळत बसले."

तिनं कॉफी विचारली नाही. तो अंगणातच उकिडवा बसला, कार्ब्युरेटर खोलला, बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली, ताजं पेट्रोल सोडलं आणि बाजूला झाला. तिनं किक मारली; दोनदा गाडी नुसती खोकली. मग तिनं पुन्हा पाय टाकला आणि सगळं अंगण दणाणलं.

तिनं लगेच इंजिन बंद केलं.

"डिंक काढलास रे तू," ती म्हणाली. "इतके दिवस मी म्हातारी होऊन बसले, ते कसं काढशील?"

लाइल फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.